उपनगरातलं जुनं रो-हाऊस घेण्याआधी: खरेदी-विक्रीचा इतिहास आणि परिसर कसा तपासायचा

गेल्या वर्षी धाकट्या भावासाठी आम्ही शहराच्या कडेला एक रो-हाऊस बघितलं. पुढे गाडीपुरती जागा, मागच्या अंगणात लिंबाचं झाड, वर दोन खोल्या. भाव आवाक्यातला होता आणि घरमालक काका बोलायला अगदी सज्जन. इसार द्यायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा घर बघायला गेलो, शेजारच्या काकूंनी पाणी विचारलं म्हणून त्यांच्याकडे टेकलो आणि सहज म्हणालो, "काका एकटेच का हो?"

"छे, दोघं भाऊ आणि मधली बहीण. ताईला नाशिकला दिलीय."

माझ्या पिशवीत काकांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफाराची, म्हणजे महसूल दप्तरात वारसांची नावं चढवल्याच्या नोंदीची, नक्कल होती. त्यात आई आणि दोन भाऊ, एवढीच नावं. बहिणीचं नाव कुठेच नव्हतं.

आम्ही इसार दिला नाही. काकांना सांगितलं, तेही मोकळेपणाने म्हणाले की त्या वेळी तलाठ्याकडे अर्ज करताना बहिणीचं नाव घालायचं कुणाला सुचलंच नाही. पुढे चार महिन्यांनी त्या ताईंनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं आणि मग घर घेतलं. त्या चार महिन्यांत मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. महाराष्ट्रातलं, आधी कुणीतरी राहिलेलं, म्हणजे पुनर्विक्रीचं बैठं घर, बंगला किंवा रो-हाऊस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यांना महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्य नियामक प्राधिकरणाच्या) नोंदणीपासून सुरुवात करावी लागते, तो रस्ता वेगळा.

आधी घराचे सगळे नंबर गोळा करा

पत्ता सरकारी दप्तरात काही कामाचा नसतो. 'साईकृपा, गल्ली नंबर चार' या नावाने कुठेच काही सापडत नाही. घराची ओळख नंबरांनी असते आणि एकाच घराला चार-पाच नंबर असतात: सर्व्हे नंबर किंवा गट नंबर आणि त्याचा हिस्सा, ले-आऊटमधला प्लॉट नंबर, सिटी सर्व्हे झाला असेल तर सीटीएस नंबर, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक, आणि वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक.

हे नंबर काळानुसार बदलत गेलेले असतात, हे नीट समजून घ्या. जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे वस्ती वाढली, नगर भूमापन झालं आणि सीटीएस नंबर पडले. त्यामुळे जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, मधल्या कागदात गट नंबर आणि आजच्या मिळकत पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर) सीटीएस नंबर, असं एकाच जागेचं तीन नावांनी वर्णन सापडतं. तिन्ही एकच आहेत हे कागदावर जुळवून दाखवणारा दुवा हातात पाहिजे.

विकणाऱ्याकडून त्याच्या खरेदीखताची झेरॉक्स मागा. मिळकतीच्या वर्णनात बहुतेक नंबर आणि चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, मिळतात. खरेदीखताची झेरॉक्स द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, 'आधी टोकन द्या मग कागद दाखवतो' म्हणत असेल, तर माझ्या मते ते घर तिथेच सोडावं.

सूची क्रमांक २: घराचा खरा चरित्रग्रंथ

कोणी कोणाला, केव्हा, किती रुपयांना विकलं, हे सगळं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या सूची क्रमांक २ मध्ये असतं. बोलताना सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात. विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च ही सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि नंबर टाकून वर्षवार शोधायचं. मोफत शोधही घेता येतो. शोध अगदी शब्दशः चालतो, त्यामुळे गट नंबर टाकून काही आलं नाही तर प्लॉट नंबर, जुना सर्व्हे नंबर, मिळकत क्रमांक, सगळं एकेक करून टाकून बघा. आम्हाला १४७/२ टाकल्यावर एकही दस्त दिसला नव्हता, नुसतं १४७ टाकल्यावर यादी उघडली.

संगणकीकरणाच्या आधीचे, म्हणजे ढोबळमानाने २००२ पूर्वीचे दस्त मुंबईबाहेर असे ऑनलाइन सापडतीलच असं नाही. त्यासाठी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हाताने लिहिलेली सूचीपुस्तकं चाळावी लागतात. हे काम वकिलाकडून करून घ्या. तीस वर्षांचा शोध अहवाल मागा. बँकही कर्ज देताना असाच अहवाल मागते, पण बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढं बघतो. तुमची आयुष्यभराची कमाई बघणारा वकील तुमचाच असला पाहिजे.

आता इंडेक्स टूचा कागद हातात घेऊन वाचू. चौदा रकाने असतात.

पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार. इथे 'खरेदीखत' आहे की 'साठेखत' हे आधी बघा. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालकी जाते ती खरेदीखताने. साखळीत कुठे नुसतं साठेखत असेल आणि त्यामागे खरेदीखत नसेल, तर तिथे मालकी पुढे सरकलेलीच नाही. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, गहाणखत, चूकदुरुस्तीपत्र हेही प्रकार इथेच कळतात.

दुसऱ्यात मोबदला आणि तिसऱ्यात बाजारभाव. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, काढलेली किंमत. मोबदला बाजारभावापेक्षा बराच कमी दिसला तर दोन शक्यता असतात: व्यवहार नात्यातला किंवा अडचणीतला असेल, नाहीतर उरलेली रक्कम रोखीने फिरली असेल. विचारायला लाजू नका. आज दस्तात कमी किंमत दाखवायला तुम्ही तयार झालात, तर उद्या तुम्ही विकाल तेव्हा भांडवली नफ्यावरचा कर त्या कमी आकड्यावरून मोजला जाईल.

चौथ्यात घराचं वर्णन, पाचव्यात क्षेत्रफळ. हे दोन रकाने प्रत्येक दस्तात शब्दन् शब्द जुळवा.

सातव्यात लिहून देणारे आणि आठव्यात लिहून घेणारे. या रकान्यांत पत्ता, वय आणि बऱ्याचदा पॅन असतं. आजच्या दस्तातला विकणारा हा मागच्या दस्तातला घेणारा असलाच पाहिजे. मागे दोन जणांनी मिळून घेतलं आणि पुढे एकानेच विकलं असेल, तर दुसऱ्याचा हिस्सा कुठे गेला ते शोधा.

नवव्यात दस्त करून दिल्याची आणि दहाव्यात नोंदणीची तारीख. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला आणावा लागतो. अकराव्यात दस्त क्रमांक. हा क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव टिपून ठेवा, कारण त्यावरूनच पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल काढता येते. आणि ती काढाच. इंडेक्स टू हा गोषवारा आहे. अटी, हमी, 'अमुक रस्त्यावरून शेजाऱ्याला जाण्या-येण्याचा हक्क राहील' अशी वाक्यं मूळ दस्तातच असतात.

नोटरीच्या कागदावर घर 'घेतलेले' लोक आजही भेटतात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकताना दस्त नोंदवावाच लागतो, हा १९०८ च्या नोंदणी कायद्यातला आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला नियम आहे. नोटरीने सही-शिक्का मारल्याने मालकी बदलत नाही. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नीवर) झालेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केलं. मुखत्यार धरून मालकाच्या वतीने नोंदणीकृत खरेदीखत करता येतं, पण त्या दिवशी मुखत्यारपत्र लिहून देणारा हयात होता का आणि त्याने ते रद्द केलं नव्हतं ना, याचा पुरावा हवा. माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही सहसा संपतं.

साखळी जुळवा

सगळे दस्त हाती आले की एका मोठ्या कागदावर उभे रकाने आखा: तारीख, प्रकार, कोणाकडून, कोणाकडे, क्षेत्र, मोबदला. सगळ्यात जुना दस्त वर, सगळ्यात नवा खाली. हे काम संगणकावर करण्यापेक्षा हाताने करा असं मी सांगेन. लिहिता लिहिता चुका डोळ्यांत भरतात.

समजा, १९९४ मध्ये मूळ शेतमालकाने ले-आऊट पाडून प्लॉट विकला. १९९८ मध्ये घर बांधलं. २००९ मध्ये मालक वारले. २०१६ मध्ये मुलाने घर विकलं. २०२१ मध्ये ते पुन्हा विकलं गेलं. यातल्या प्रत्येक सांध्यावर एक प्रश्न उभा राहतो. १९९४ चा ले-आऊट मंजूर होता का? २००९ नंतर वारस किती होते आणि २०१६ च्या दस्तावर त्या सगळ्यांच्या सह्या आहेत का? घर पाच वर्षांतच पुन्हा का विकलं? बदली झाली, कर्जाचे हप्ते झेपले नाहीत, पाणी नव्हतं, की शेजाऱ्याशी हद्दीचा वाद होता? थोड्या थोड्या वर्षांनी हात बदललेल्या घराच्या आधीच्या मालकाला फोन करून बोलणं हा मी केलेल्या चौकशीतला सगळ्यात उपयोगी फोन होता. विकून मोकळ्या झालेल्या माणसाला लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

क्षेत्राच्या बाबतीत फसगत होते ती मापं बदलल्यामुळे. दलाल गुंठ्यात बोलतो, जुन्या दस्तात चौरस फूट असतात, मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर, सातबाऱ्यावर हेक्टर-आर. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. आम्हाला 'दोन गुंठ्यांचा प्लॉट' म्हणून सांगितलेली जागा दस्तात १८५.८ चौरस मीटर होती, म्हणजे २००० चौरस फूट. पूर्ण दोन गुंठे असते तर २१७८ चौरस फूट भरले असते. १७८ चौरस फुटांचा फरक निघाला, एका खोलीएवढा. काकांनी फसवलं नव्हतं, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं. भाव मात्र आम्ही दस्तातल्या क्षेत्रावर लावला.

वारसांचा मुद्दा पुन्हा सांगतो, कारण सगळ्यात जास्त व्यवहार इथेच अडकतात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात तर, मृत्युपत्र नसेल तेव्हा, पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे १९५६ पासूनच सारखे वारस आहेत. 'लग्नात सगळं दिलं, आता तिचं काही नाही' हे घरात चालत असेल, कायद्यात नाही. वारस अज्ञान (अल्पवयीन) असेल तर पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. तेव्हा दप्तरावर थांबू नका. शेजारी, दूधवाले, जुने भाडेकरू, यांना कुटुंबात कोण कोण आहे ते विचारा.

सातबारा, मिळकत पत्रिका आणि फेरफार

सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम दाखला असा समज खोलवर रुजलेला आहे. ती मुळात महसुलाची नोंद आहे. उलट काही सिद्ध होईपर्यंत ती बरोबर धरली जाते, एवढंच. मालकी दस्ताने ठरते. तरीही सातबारा बारकाईने वाचायचा, कारण दस्तात न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. वरच्या बाजूला भूधारणा पद्धती बघा. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर ठीक. 'वर्ग २' असेल तर ती जमीन विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बहुतेक वेळा सरकारला नजराण्याची रक्कमही भरावी लागते, आणि आधीच्या विक्रीला तशी परवानगी घेतली नसेल तर ते ओझं तुमच्यापर्यंत येतं. मग 'इतर अधिकार' हा रकाना. बोजा, कूळ, न्यायालयातला दावा, विहिरीचा किंवा रस्त्याचा हक्क, पुनर्वसनाची नोंद, सगळं तिथे. कंसात टाकलेली नावं कमी झालेली असतात. ती कोणत्या फेरफाराने कमी झाली तो क्रमांक शेजारी असतो. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. दोन-चार ओळींचीच असते, पण 'अर्जदाराने दिलेल्या वर्दीवरून' किंवा 'नोंदणीकृत दस्त क्रमांक अमुकवरून' या शब्दांतूनच नोंद किती पक्की आहे ते कळतं. आमची वारस नोंद वर्दीवरची, म्हणजे घरच्यांनी कळवलेल्या माहितीवरची होती.

सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका बघायची. काही गावांत सातबारा आणि मिळकत पत्रिका दोन्ही चालू राहिलेली दिसतात आणि दोन्हींवर वेगवेगळी नावं असतात. अशा वेळी दोन्ही दुरुस्त होईपर्यंत थांबलेलं बरं.

सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं आणि त्यात तुमच्या विकणाऱ्याचे दीड-दोन गुंठे, हे चित्र शहरांच्या कडेला नेहमीचं आहे. शेतजमिनीचे अकृषिक परवानगीशिवाय, ले-आऊट मंजूर न करता तुकडे पाडून विकले गेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने त्यावर निर्बंध होते, २००१ च्या गुंठेवारी कायद्याने काही ठिकाणी ती घरं नियमित करायची वाट काढून दिली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ती लागू झाली. 'गुंठेवारीत बसेल' हे दलालाचं वाक्य आणि 'गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र' यांत लाखो रुपयांचा फरक आहे. प्रमाणपत्र हातात असेल तरच पुढे जा.

कर्ज आणि दावे

मूळ कागद विकणाऱ्याच्या घरात आहेत का, प्रत्यक्ष बघा. झेरॉक्सच दाखवत असेल तर मूळ कागद बँकेत गहाण असण्याची शक्यता मोठी. कागद ठेवून घेतलेल्या कर्जाचं वेगळं गहाणखत असेलच असं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, आणि बँका 'सरसाई' या केंद्रीय नोंदवहीतही गहाण नोंदवतात. दोन्हीकडे शोध घ्या. कर्ज चालू असणं वाईट नाही. बँकेकडून येणे रकमेचं पत्र आणि कागदांची यादी घ्या, तुमच्या पैशातून आधी थेट बँकेचं खातं बंद होऊ द्या आणि कागद बँकेकडून सोडवताना स्वतः हजर राहा.

न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या नावाने जिल्ह्यातले दावे शोधता येतात. नावाचं स्पेलिंग बदलून तीन-चार वेळा शोधा. शेवटी वकिलामार्फत स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, हरकतींसाठी १४ किंवा १५ दिवस ठेवून. गावात वाचलं जाणारं वर्तमानपत्र निवडा.

बांधकाम: नकाशा हातात, टेप खिशात

मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झाल्यावर घर वापरायला दिलेली परवानगी), हे तीन कागद. जुन्या बैठ्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र अनेकदा नसतं, पण निदान मंजूर नकाशा तरी पाहिजे. तो घेऊन घरात फिरा. नकाशात गच्ची आहे तिथे खोली उभी आहे का, सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत) जिना किंवा न्हाणीघर काढलंय का, पोर्च बंद करून दुकान केलंय का. वाढीव बांधकामासाठी पैसे मोजू नका, कारण पाडायची नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येईल.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ अनेक जण परवानगी म्हणून पुढे करतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली, तेव्हा अशा कितीतरी घरांच्या कागदांचा प्रश्न नव्याने पुढे आला. हद्द बदललेल्या गावात घर असेल तर करथकबाकी दोन्हीकडची तपासा, ग्रामपंचायतीची आणि महापालिकेची.

रो-हाऊसला एक खास अडचण असते. भिंत सामाईक, आतला रस्ता सामाईक, पण तो रस्ता आणि मोकळी जागा सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाच्याच नावावर. गृहनिर्माण संस्था झाली असेल तर संस्थेच्या नावाने अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमिनीची मालकी संस्थेकडे आलीय का ते विचारा. संस्था असेल तर भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही घ्या. हस्तांतरणासाठी संस्थेला मनमानी रक्कम मागता येत नाही, महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये ही मर्यादा आहे. संस्था नसेल तर तुमच्या खरेदीखतात रस्त्यावरून कायमच्या वहिवाटीचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

कुंपणाबद्दल जरा जरी शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी करून घ्या. शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणीदार येतो, खुणा होतात आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. वेळ लागतो, पण लिंबाचं झाड आपल्यात की शेजाऱ्यात, याचं भांडण कायमचं मिटतं. आमचं झाड आमच्यातच निघालं.

भाव ठरवताना

इथे ई-सर्च पुन्हा उघडा, या वेळी शेजारच्या घरांसाठी. त्याच गटातल्या, त्याच गल्लीतल्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या खरेदीखतांचे मोबदले आणि क्षेत्रं काढा. जाहिरातीतला आकडा ही मागणी असते, इंडेक्स टूमधला आकडा हा झालेला व्यवहार. तीन-चार दस्तांचा चौरस फुटाचा दर काढून समोर ठेवला की बोलणी लवकर जमिनीवर येतात. अर्थात कोपऱ्याचा प्लॉट, रस्त्याची रुंदी, बांधकामाचं वय हे बघून कमी-जास्त करायचं.

वरचा खर्च वेगळा धरा. मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. पुणे महापालिका हद्दीत ते ७ टक्के आहे, खरेदीदार महिला असेल तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची, कपातीचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कपात कितीतरी जास्त असते आणि नियमही वेगळे, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

परिसर: घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका

म्हणजे जा, पण तेवढंच पुरत नाही. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला तिथून निघून नोकरीच्या ठिकाणी प्रत्यक्ष पोहोचून बघा. रात्री दहाला जा, रस्त्यावरचे दिवे, कुत्री, जवळच्या मंगल कार्यालयाचा आवाज कळतो. आणि जमलं तर एप्रिल-मेमध्ये एकदा आणि जोराच्या पावसात एकदा.

पाण्याचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. 'कॉर्पोरेशनचं पाणी आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, किती जोरात? बोअर किती फूट आहे, मेमध्ये आटतो का? गल्लीत टँकर येत असेल तर टँकरवाल्याशीच बोला. कुठल्या घरी आठवड्याला किती फेऱ्या होतात हे त्याला तोंडपाठ असतं. सांडपाणी मुख्य वाहिनीला जोडलंय की सेप्टिक टाकी आहे, आणि असेल तर कुठे, हेही त्याच वेळी विचारा.

पावसाचं तसंच. जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. पण लहान ओढ्यांचा धोका या रेषांवरून कळेलच असं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा ओढ्याकाठच्या सोसायट्यांमध्ये पाणी घुसलं. भिंतींच्या खालच्या दोन फुटांत नवा रंग दिसला, तर पोपडे धरल्यामुळे दिला की पाण्यामुळे, हे शेजारी विचारा.

नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. विकास आराखड्यात समोरची मोकळी जागा बाग म्हणून आरक्षित आहे की कचरा हस्तांतरण केंद्र म्हणून, दारातला सहा मीटरचा रस्ता उद्या अठरा मीटरचा होणार आहे का, आणि झाला तर तुमचं अंगण त्यात जातं का, हे सगळं तिथे दिसतं. दलालाच्या 'रिंग रोड शेजारूनच जाणार' या वाक्याची शहानिशाही याच नकाशावर होते.

शाळेबद्दल एकच सांगतो. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, २५ टक्के जागांवर प्रवेश हवा असेल तर घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं, १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य मिळतं. दवाखाना, किराणा, बस थांबा हे चालत जाऊन बघा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर घेऊन चाला.

इसारापासून ताब्यापर्यंत

इसार पावती साध्या कोऱ्या कागदावर करू नका. त्यात सगळे नंबर, ठरलेली किंमत, खरेदीखताची तारीख आणि 'मालकी हक्कात दोष निघाल्यास इसार अमुक दिवसांत परत' हे वाक्य असू द्या. पैसे चेकने किंवा बँकेतून. साठेखत केलं तर तेही नोंदवा.

खरेदीखताच्या मसुद्यात चतुःसीमा, क्षेत्र आणि नावांची अक्षरं तुमच्या त्या हाताने आखलेल्या कागदाशी ताडून बघा. दुय्यम निबंधक कार्यालयात सही करण्याआधी पडद्यावर दिसणारी माहिती सावकाश वाचा, मागे रांग असली तरी. तिथे राहिलेली एका आकड्याची चूक सुधारायला पुढे चूकदुरुस्तीपत्र करावं लागतं आणि त्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं. ताबा घेताना वीज आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग दोघांच्या सहीने लिहून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा.

नोंदणी झाली की महसूल दप्तरात फेरफार आपोआप सुरू होतो, पण त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे. हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महिनाभराने नवा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून आपलं नाव आलंय का बघा. मालमत्ता कर, पाणीपट्टी, वीज जोडणी आणि संस्थेचं भाग प्रमाणपत्र यांवरची नावं स्वतंत्र अर्ज करून बदलावी लागतात.

नवा इंडेक्स टू निघाला की तोही त्याच फाइलमध्ये, साखळीच्या तळाशी लावा. आमच्या फाइलमध्ये त्याच्या अगदी वर त्या नाशिकच्या ताईंचं हक्कसोडपत्र आहे.